किशोर कादंबरीतील प्रेमत्रिकोण

प्रौढांच्या कादंबरीत प्रेमाचा त्रिकोण बहुधा विवाहाभोवती रचलेला असतो. ‘मादाम बोव्हारी’ (१८५७) आणि ‘अ‍ॅना कॅरेनिना’ (१८७८) या दोन्हींच्या नायिका विवाहित आहेत. त्यांच्या आयुष्यात तिसरा माणूस येतो, आणि मग फसवणूक, बदनामी आणि अखेर आत्मनाश या वाटेने कथा जाते. इंग्रजीतील किशोर कादंबरीने हा त्रिकोण उचलला तो विवाह वगळून. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने अजून कुणाला शब्द दिलेला नसतो, त्यामुळे दोघांमध्ये मन गुंतले म्हणून ती अपराधी ठरत नाही. घर, शाळा आणि गाव यांनी आजवर तिचे बहुतेक निर्णय घेतलेले असतात. हा एक निर्णय मात्र तिचा असतो आणि तो घ्यायला तिला तीनचारशे पाने मिळतात. किशोर वाचकाला, विशेषतः मुलींना, या रचनेची जी ओढ वाटत आली तिचे मूळ येथे आहे.

या ओढीचा पहिला ठळक पुरावा एकोणिसाव्या शतकातला आहे. लुइझा मे अल्कॉटच्या ‘लिट्ल विमेन’चा पहिला भाग १८६८ मध्ये आणि दुसरा १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’ या अनुवादामुळे चार बहिणींची ही कथा मराठी घरांतही पोहोचली. दोन भागांमधल्या काही महिन्यांत वाचक मुलींची पत्रे येऊ लागली आणि त्या सर्वांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: बहिणींची लग्ने कुणाशी होणार? ज्यो आणि शेजारचा लॉरी यांचे जमावे, अशी बहुतेकींची इच्छा. कुणाला खूश करण्यासाठी ज्योचे लग्न लॉरीशी लावणार नाही, असे अल्कॉटने रोजनिशीत लिहून ठेवले आणि दुसऱ्या भागात लॉरीला धाकट्या एमीचा नवरा केले. ज्योच्या वाट्याला वयाने मोठे जर्मन प्राध्यापक बेअर आले. यावरचा वाद दीडशे वर्षांनंतरही मिटलेला नाही. कथा मध्येच थांबते, वाचकाला वाट पाहावी लागते आणि त्या वेळात तो बाजू घेतो, ही पुढच्या सगळ्या त्रिकोणांची चाल येथेच पडली.

कॅनडाच्या एल. एम. मॉन्टगोमरीने १९१५ च्या ‘अ‍ॅन ऑफ द आयलंड’मध्ये त्यात एक मोलाची भर घातली. अ‍ॅनला मागणी घालणारा रॉय गार्डनर श्रीमंत, देखणा आणि तिने लहानपणी मनात रंगवलेल्या राजकुमाराची हुबेहूब प्रत आहे. तो प्रत्यक्ष मागणी घालतो तेव्हा मात्र तिच्या तोंडून होकार निघत नाही. बालमित्र गिल्बर्ट विषमज्वराने अत्यवस्थ झाल्याचे कळल्यावर तिला स्वतःचे मन उमगते. दुसरा मुलगा येथे नायिकेच्या कल्पनेची परीक्षा घ्यायला आलेला आहे. पुढच्या कितीतरी लेखकांना एवढे साधे कामही त्याच्याकडून करून घेता आले नाही.

किशोरवयीन मुले हा स्वतंत्र ग्राहक आहे, हे अमेरिकी बाजाराला १९४० च्या दशकात उमगले. मोरीन डेलीची ‘सेव्हन्टीन्थ समर’ १९४२ मध्ये आली, ‘सेव्हन्टीन’ मासिक १९४४ मध्ये सुरू झाले. त्याआधीच, १९४१ च्या अखेरीस, ‘पेप कॉमिक्स’च्या बाविसाव्या अंकात आर्ची अँड्र्यूज अवतरला होता. शेजारची बेटी पहिल्या कथेपासून त्याच्यासोबत होती, तर धनाढ्य बापाची व्हेरॉनिका १९४२ मध्ये दाखल झाली. हा त्रिकोण सुटण्यासाठी नव्हताच. दर महिन्याला नवा अंक काढायचा तर आर्चीचे कधीच ठरता कामा नये. २००९ मध्ये सहाशेव्या अंकापासून त्याचे लग्न दाखवले गेले तेही एकदा व्हेरॉनिकाशी आणि एकदा बेटीशी, अशा दोन वेगवेगळ्या भविष्यांत. भारतात आर्चीच्या जाडजूड डायजेस्टवर काही पिढ्या वाढल्या. झोया अख्तरच्या ‘द आर्चीज’ (२०२३) या चित्रपटाने तीच पात्रे १९६० च्या दशकातील अँग्लो-इंडियन वस्तीत आणून बसवली. या सर्वांत निवड करणारा मुलगा आहे आणि मुली एकमेकींच्या प्रतिस्पर्धी आहेत, हे विसरता येत नाही.

१९८३ मध्ये फ्रान्सीन पास्कलची ‘स्वीट व्हॅली हाय’ मालिका सुरू झाली तेव्हाही चित्र तेच होते. ‘डबल लव्ह’ या पहिल्याच पुस्तकात एलिझाबेथ आणि जेसिका या जुळ्या बहिणींना एकच टॉड विल्किन्स हवा असतो. पास्कल कथानकाचे आराखडे देत आणि प्रत्यक्ष लेखन पडद्यामागचे लेखक करत. स्वस्त कागदी बांधणीची ही पुस्तके शाळकरी मुली खाऊच्या पैशांतून घेत होत्या. १९९१ मध्ये एल. जे. स्मिथच्या ‘द व्हॅम्पायर डायरीज’ने पारडे फिरवले. येथे एलिना मध्यभागी आहे, आणि स्टेफन व डेमन हे दोन व्हॅम्पायर भाऊ तिच्यासाठी झुरतात. या मालिकेचा करार असा होता की हक्क लेखिकेकडे राहिले नाहीत. पुढचे खंड इतरांनी लिहिले आणि स्मिथला आपल्याच पात्रांची कथा काही वर्षांनी चाहत्यांच्या लेखनासाठी असलेल्या मंचावर पुढे न्यावी लागली. या व्यवसायाची ही बाजू क्लेशदायक आहे.

स्टेफनी मेयरच्या ‘ट्वायलाइट’ने (२००५) मात्र या रचनेला जगभर नेले. पहिल्या पुस्तकात त्रिकोण नाहीच. प्रियकर एडवर्ड व्हॅम्पायर आहे, हे नायिका बेलाला कुठून तरी कळायला हवे, एवढ्यासाठी जेकब ब्लॅक हे पात्र आले होते. २००६ च्या ‘न्यू मून’मध्ये एडवर्ड बेलाला सोडून जातो. त्यानंतर काही पाने जवळजवळ कोरी आहेत. त्यांवर फक्त महिन्यांची नावे छापली आहेत, ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. या पोकळीनंतर बेला दोन भंगार मोटारसायकली घेऊन जेकबच्या शेडमध्ये जाते. तो हाताला ग्रीस लावून त्या दुरुस्त करतो, गप्पा मारतो, हसवतो. एडवर्ड पुस्तकाचा मोठा भाग गैरहजर असल्यामुळे वाचकालाही जेकबचा लळा लागायला पुरेसा अवकाश मिळतो. मेयरच्या कौशल्याबद्दल अनेक शंका घेता येतील, पण ही बांधणी पक्की आहे.

दोघे मुलगे म्हणजे दोन आयुष्ये आहेत. एडवर्डचे वय सतराव्या वर्षी थांबले आहे. त्याला निवडणे म्हणजे आईवडील, वार्धक्य आणि माणूसपण सोडणे. जेकबला निवडले तर सूर्यप्रकाश, वडिलांच्या मित्राचे घर आणि चारचौघांसारखे म्हातारे होणे. शाळा संपवून कुठे जायचे, घरच्यांपासून किती दूर व्हायचे, हे प्रश्न त्या वयात प्रत्येकीपुढे असतात. येथे ते दोन चेहरे घेऊन समोर येतात. म्हणूनच ‘टीम एडवर्ड’ आणि ‘टीम जेकब’ लिहिलेले टी-शर्ट घालून मुली चित्रपटगृहांत गेल्या. २ ऑगस्ट २००८ रोजी ‘ब्रेकिंग डॉन’ आले तेव्हा अमेरिकेत मध्यरात्री दुकाने उघडली गेली आणि पहिल्या दिवशी सुमारे १३ लाख प्रती खपल्या.

याच मालिकेतील दोष मात्र झाकून ठेवण्याजोगे नाहीत. ‘इक्लिप्स’मध्ये (२००७) जेकब बेलाचे बळजबरीने चुंबन घेतो. ती त्याला ठोसा मारते, तिचाच हात मोडतो आणि वडील जेकबचीच बाजू घेतात. मुलीच्या नकाराची अशी थट्टा किशोर वाचकापुढे ठेवणे चूकच होते. दुसरा दोष जेकबच्या जमातीबाबतचा. क्विल्यूट हे वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर ला पुश येथे राहणारे खरे लोक आहेत. लांडग्यांपासून आपली उत्पत्ती झाली ही त्यांची परंपरागत कथा. मेयरने तिच्यातून रूप बदलणारे लांडगे घडवले. पुस्तके आणि चित्रपट यांनी अमाप पैसा मिळवला, तर जमातीला त्सुनामीच्या टप्प्यातील आपली शाळा उंचावर हलवण्यासाठी निधी उभारावा लागला. नवी शाळा २०२२ मध्ये सुरू झाली.

त्रिकोणाचा सर्वांत विचारपूर्वक उपयोग सुझान कॉलिन्सने ‘द हंगर गेम्स’मध्ये (२००८) केला. मुलांना मरेपर्यंत एकमेकांशी लढवणारा खेळ देशभर पडद्यावर दाखवला जातो आहे, आणि त्यात उतरलेली कॅटनिस जखमी जोडीदार पीटाला घेऊन गुहेत दडली आहे. तो तापाने फणफणलेला, जवळ धड अन्न नाही. ती त्याचे चुंबन घेते आणि थोड्याच वेळात आभाळातून रुपेरी पॅराशूटला बांधलेले गरम रश्शाचे भांडे उतरते. मार्गदर्शक हेमिचचा निरोप तिला लगेच कळतो: प्रेक्षकांना प्रेम दाखव, जेवण मिळेल. तिकडे घरी तिचा मित्र गेल हेच दृश्य पडद्यावर पाहत असणार. कोणते प्रेम खरे आणि कोणते जगण्यासाठी केलेले, हे कॅटनिसलाही सांगता येत नाही. बाजू घेणारा वाचक नकळत हा खेळ करमणूक म्हणून पाहणाऱ्या कॅपिटल या राजधानीच्या प्रेक्षकांत जाऊन बसतो. ‘मॉकिंगजे’मध्ये (२०१०) गेलने आखलेल्या पद्धतीच्या बॉम्बने कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम मरते आणि बॉम्ब कुणाचा होता याची खात्री कधीच होत नाही. त्यानंतर गेलची निवड अशक्य होते. सूडाचे राजकारण की पुन्हा उभे राहणारे साधे जीवन, असा हा कौल आहे.

यानंतर प्रकाशकांनी त्रिकोणांचा रतीबच घातला. पहिल्या प्रकरणात भेटणारा गूढ मुलगा जिंकणार आणि प्रेमळ मित्र हरणार, हे वाचक आधीच ओळखू लागले आणि कंटाळले. कॅसांड्रा क्लेअरच्या ‘द इन्फर्नल डिव्हायसेस’सारखे (२०१०-१३) अपवाद लक्षात राहिले. तिथे विल आणि जेम हे परस्परांवर जीव टाकणारे मित्र आहेत, टेसा दोघांवर खरे प्रेम करते, आणि दीर्घ आयुष्यामुळे आधी एकाशी व पुढे दुसऱ्याशी संसार करते. तिसरा कोन केवळ अडथळा म्हणून ठेवला की कादंबरी फसते. येथे तो काढला तर कादंबरीच उरत नाही.

जेनी हानच्या ‘द समर आय टर्न्ड प्रिटी’ या मालिकेतील पहिले पुस्तक २००९ चे आणि तिसरे २०११ चे. कॉनरॅड आणि जेरेमाया या भावांमधून बेली कुणाला निवडते, हे तेव्हापासून छापलेले होते. तरीही प्राइम व्हिडिओवरील रूपांतराचा तिसरा हंगाम सुरू असताना प्रेक्षक पुन्हा दोन गटांत विभागले गेले आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी अखेरचा भाग येईपर्यंत भांडत राहिले. निकाल पुस्तकातलाच लागला: कॉनरॅड.