ट्रान्झिस्टरची पारख : कारखान्यातून गिटारच्या प्रिअँपपर्यंत

गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांखालील चुंबकाभोवती गुंडाळलेल्या वेटोळ्यातून, निघणारा विद्युत संकेत फार क्षीण असतो आणि मुख्य अँप्लिफायरकडे जाण्यापूर्वी त्याला बळ देण्यासाठी जे छोटे मंडल जोडतात त्याला प्रिअँप म्हणतात. १९६० च्या दशकात एक ट्रान्झिस्टर, मोजके रेझिस्टर व कपॅसिटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढ्या सामग्रीवर ब्रिटन-अमेरिकेतील हौशी मंडळी असा प्रिअँप घरीच बांधू लागली. तथापि त्यांचा कस जोडणीत लागत नसे. हातातला ट्रान्झिस्टर कोणत्या जातीचा आणि तो कामाचा आहे की नाही, हे ठरवण्यात लागत असे. या खटाटोपाचे कारण हौशी माणसाच्या तुटपुंज्या साधनांत शोधले जाते, परंतु ते अपुरे आहे, कारण त्याचे मूळ ट्रान्झिस्टर ज्या रीतीने तयार होत असत त्या रीतीतच होते.

बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला, पण स्वस्त उत्पादनाची वाट मोकळी झाली ती १९५० च्या दशकाच्या आरंभी, जनरल इलेक्ट्रिकमधील जॉन सेबी यांच्या कामातून पुढे आलेल्या मिश्रधातू-संधी पद्धतीमुळे. या पद्धतीत जर्मेनियमच्या पातळ चकतीच्या दोन्ही बाजूंना इंडियम धातूचे कण ठेवून ती भट्टीत तापवत, म्हणजे वितळलेले इंडियम दोन्हीकडून जर्मेनियममध्ये उतरे आणि मधे जो अरुंद थर उरे तो बेस ठरे, तर दोन बाजू अनुक्रमे एमिटर आणि कलेक्टर होत. हा मधला थर किती जाडीचा उरेल यावर ट्रान्झिस्टरचा वर्धनांक, म्हणजे बेसमधील प्रवाहाच्या किती पट प्रवाह कलेक्टरमधून वाहील हे प्रमाण, अवलंबून असे आणि ती जाडी भट्टीत नेमकी राखणे कोणालाच साधलेले नव्हते. त्यामुळे एकाच आढीतील आंबे जसे पिकल्यावर निवडून वेगळे करावे लागतात, तसे एकाच खेपेतील ट्रान्झिस्टर तयार झाल्यावर मोजून वेगळे करावे लागत, आणि अनेकदा त्यांच्यावरील क्रमांक या मोजणीनंतरच ठरत असे.

रेथिऑन कंपनीचा सीके७२२ हे याचे ठळक उदाहरण आहे. ही कंपनी श्रवणयंत्रांसाठी सीके७१८ हा ट्रान्झिस्टर तयार करीत असे. त्या कसोटीला न उतरलेले, कमी वर्धनाचे किंवा जास्त खरखर करणारे नग फेकून देण्याऐवजी नॉर्मन क्रिम यांच्या पुढाकाराने ते सीके७२२ या नावाने १९५३ मध्ये हौशी लोकांसाठी बाजारात आणण्यात आले. आरंभी ७.६० डॉलरला मिळणारा हा नग काही वर्षांतच एका डॉलरच्या आत आला आणि अमेरिकेतील एका पिढीने इलेक्ट्रॉनिक्सचे पहिले धडे त्याच्यावर गिरवले. ब्रिटनमध्ये १९६१ साली कंपनी स्थापन करणाऱ्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांनीही कारखान्याने नापास केलेले ट्रान्झिस्टर घाऊक घेऊन, स्वतः तपासून, नव्या नावाने विकले. कारखान्याने नाकारलेला माल निरुपयोगी नसतो, तो वेगळ्या कामाचा असतो, ही जाण या दोन्ही व्यवहारांमागे होती.

क्रमांकांवरून ओळख पटवणेही सोपे नव्हते. अमेरिकेतील ‘२एन’ने सुरू होणाऱ्या क्रमांकातून पदार्थाचा किंवा उपयोगाचा काहीच बोध होत नसे. जपानी पद्धतीत २एसबी म्हणजे कमी वारंवारतेचा पीएनपी आणि २एससी म्हणजे उच्च वारंवारतेचा एनपीएन (प्रवाहाची दिशा एकमेकींच्या उलट असलेल्या या ट्रान्झिस्टरच्या दोन जाती) असा अर्थ होता, परंतु अंगावर छापताना ‘२एस’ गाळला जाई. युरोपात ओसी४४, ओसी७१ ही नावे निर्वात नळ्यांच्या जुन्या संकेतावरून आली होती. १९६६ नंतर रुळलेल्या प्रो इलेक्ट्रॉन पद्धतीत मात्र पहिले अक्षर ए असल्यास जर्मेनियम, बी असल्यास सिलिकॉन, आणि दुसरे सी असल्यास ध्वनीच्या कामाचा लहान ट्रान्झिस्टर, अशी स्पष्टता आली.

छपाई पुसलेली असली की मीटरच उपयोगी पडे. काट्याच्या मीटरमध्ये रोध मोजताना आतील बॅटरीचे धन टोक काळ्या दांडीवर येते, ही उलटापालट ठाऊक नसलेला माणूस हमखास फसे. ज्या पायावर एक दांडी कायम ठेवून दुसरी इतर दोन्ही पायांवर टेकवली असता दोन्हीकडे प्रवाह वाहतो, तो बेस. त्या वेळी बेसवर काळी दांडी असेल तर ट्रान्झिस्टर एनपीएन, लाल असेल तर पीएनपी. पीएनपीच्या उरलेल्या दोन पायांपैकी ज्यावर लाल दांडी असताना तो पाय आणि बेस यांवर ओलसर बोट टेकवताच काटा अधिक सरकतो, तो कलेक्टर. बेस-एमिटर संधीवरील दाब ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आसपास भरला तर जर्मेनियम, ०.६ च्या पुढे गेला तर सिलिकॉन.

वर्धनांक मोजताना जर्मेनियमची गळती, म्हणजे बेस मोकळा असतानाही कलेक्टरमधून झिरपणारा प्रवाह, मोठा घोळ घालते, कारण साधे मीटर हा फुकटचा प्रवाहही वर्धनात धरते. यावर आर. जी. कीन यांनी फझ फेस या गिटार-पेडलच्या अभ्यासातून रूढ केलेली चाचणी उत्तम आहे. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर कलेक्टरला २४७२ ओहमचा रेझिस्टर लावून त्यावरचा दाब आधी बेस मोकळा ठेवून मोजायचा, मग बेसला २२ लाख ओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे चार मायक्रोअँपिअर प्रवाह देऊन पुन्हा मोजायचा. दोन्हींतील फरकाला शंभराने गुणले की खरा वर्धनांक मिळतो. पहिला आकडा ०.३० आणि दुसरा १.२० व्होल्ट आला तर वर्धनांक ९० आणि गळती सुमारे १२० मायक्रोअँपिअर. बोटांत धरलेल्या ट्रान्झिस्टरची गळती त्या उबेनेच चढते, म्हणून तो खोबणीत बसवल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत हात लावायचा नसतो.

ही गळती ऐकूही येते. लंडनच्या डॅलस कंपनीचा रेंजमास्टर हा १९६० च्या दशकातील ट्रेबल बूस्टर, म्हणजे उंच स्वर उचलून धरणारा प्रिअँप, एकाच ओसी४४ वर चाले; रोरी गॅलाघर आणि टोनी आयोमी या गिटारवादकांच्या वादनात त्याचा वाटा मोठा आहे. त्यात गळती वाढली की कलेक्टरवरचा दाब ढळतो, लाटेची एक बाजू आधी कापली जाते आणि सूर बदलतो. १९६६ मध्ये आर्बिटर कंपनीने आणलेल्या फझ फेसमध्ये एनकेटी२७५ जातीचे दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर असत. त्यांची जोडी जमली तर आवाज भरदार, नाही तर बसका, आणि म्हणून एकाच बनावटीच्या दोन फझ फेसचे आवाज जुळत नसत.

भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६२ पासून जर्मेनियमची अर्धवाहक उपकरणे बनू लागली, पुढे सिलिकॉनची बीसी१४७, बीसी१४८, बीसी१४९ ही मालिका आली, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सुटे नग मिळत. सिलिकॉनची गळती नगण्य असल्याने जुना घोळ मिटला, पण पायांचा गोंधळ वाढला : सपाट बाजू समोर धरली असता बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर, २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर, तर २एससी१८१५ चे एमिटर, कलेक्टर, बेस असे येतात, आणि तिन्हींचे काळे अंग मात्र एकसारखे. निवडीचे काम सिलिकॉनच्या काळातही संपले नाही. प्रिअँपसाठी कमी खरखरीचा म्हणून पसंत केल्या गेलेल्या बीसी१०९ च्या क्रमांकापुढे बी असेल तर वर्धनांक २०० ते ४५०, सी असेल तर ४२० ते ८००, आणि हे अक्षर आजही नग तयार झाल्यावर, मोजणीनंतरच, त्याच्या अंगावर उमटते.