जोगलटेंभीचा नहपान

पंचवटीहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की दारणेच्या संगमाजवळ जोगलटेंभी हे गाव लागते. १९०६ साली तेथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, आणि सारी क्षहरात क्षत्रप नहपानाची.

नाण्याच्या एका बाजूस राजाचा मुखवटा आहे. त्याभोवती ग्रीक लिपीत, पण भारतीय भाषेत, त्याचे नाव येते. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि तेच नाव ब्राह्मी व खरोष्ठीत. नाण्यावर राजाचा चेहरा कोरण्याची रीत आपल्याकडे यवन राजांनी आणली होती. त्यात रोमन देनारांची भर पडली. सम्राटाचे मस्तक मिरवणारे हे देनार भडोच बंदरात उतरत आणि स्थानिक नाण्यांच्या बदल्यात नफा देत, असे ‘पेरिप्लस’कार सांगतो. नहपानाच्या मुखवट्यावर रोमन घडणीची छाया अनेक अभ्यासकांना दिसते ती यामुळेच.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. पांडवलेण्यांतील लेणे क्रमांक ३ मध्ये त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. त्यात तो क्षहरात वंश निःशेष करणारा म्हणून गौरवला आहे. जोगलटेंभीची नाणी मात्र निराळी साक्ष देतात. साठ्यातील नऊ हजारांवर नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप मारला : एकीकडे तीन कमानींचा चैत्य व त्याचे नाव, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. नाणी वितळवली नाहीत. त्यामुळे चैत्याच्या रेषांमधून नहपानाचे नाक, ओठ, ग्रीक अक्षरे अजून डोकावतात.

यात केवळ काटकसर पाहणे अपुरे ठरेल. या चांदीवर बाजाराचा विश्वास होता. नहपानाचा जावई उषवदात याने लेणे क्रमांक १० मधील लेखात नोंदवले आहे, की त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवले. राजा बदलला म्हणून असे व्यवहार थांबणार नव्हते. नव्या सत्तेला नाणे चालू ठेवून फक्त धनी बदलल्याचे जाहीर करायचे होते.

आणि ज्या मुखवट्यावर घाव घातला, तो प्रकारही सातवाहनांनी टाकला नाही. पुळुमावी, यज्ञ सातकर्णी यांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचाच चेहरा आहे. शिलालेख वाचताना शत्रूचा मागमूस उरत नाही. नाणे हातात घेतले, की तो विजेत्याच्याच शिक्क्याखाली भेटतो. सातवाहनांचा इतिहास लिहिताना दोन्ही पुरावे शेजारी ठेवावे लागतात, ते याकरिता.