टॉवरपर्यंत न पोहोचलेले संकट

१ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ८५५ क्रमांकाचे विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३ किलोमीटरवर समुद्रात कोसळले. ते बोइंग ७४७ होते, नाव ‘सम्राट अशोक’. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी अशा २१३ जणांपैकी एकही वाचला नाही. धावपट्टी सोडल्यापासून पाण्यावर आदळेपर्यंत अवघे १०१ सेकंद गेले.

या १०१ सेकंदांचा माग काढायला साधने तीन: नियंत्रकाशी झालेले बोलणे, कॉकपिटमधली ध्वनिफीत आणि उड्डाणाच्या नोंदी ठेवणारे यंत्र. पहिल्यात फार थोडे हाती लागते. नववर्षाच्या शुभेच्छा, आणि आठ हजार फूट ओलांडताना कळवतो, एवढेच. ती उंची विमानाने कधी गाठलीच नाही. मदतीची हाकही आली नाही. ती आली की नियंत्रक इतर विमाने बाजूला काढतो, धावपट्टी मोकळी करतो, अग्निशमन दल सज्ज ठेवतो. इथे यातले काही सुरू व्हायला निमित्तच मिळाले नाही.

घडले ते ध्वनिफितीवर आहे. किनारा ओलांडताना कॅप्टन मदनलाल कुकर यांनी ठरल्याप्रमाणे उजवे वळण घेतले आणि विमान पुन्हा सरळ झाले. त्यांच्या समोरचे, विमानाचा कल दाखवणारे यंत्र मात्र उजवा कलच दाखवत राहिले. खाली काळा समुद्र, नजरेला क्षितिज नाही. सुमारे १८ हजार तास उड्डाण केलेल्या या वैमानिकाने यंत्र बिघडल्याचे बोलून दाखवले, तरी विमान डावीकडेच झुकवत नेले. सहवैमानिक इंदू विरमानी म्हणाले, माझेही उलटले आहे. इथे मी पुनःपुन्हा थांबतो. विरमानींचे यंत्र बहुधा ठीक होते. ते प्रत्यक्षातला प्रचंड डावा कल दाखवत होते. दोन यंत्रे परस्परविरुद्ध बाजू दाखवत असताना, दोघेही एकाच बिघाडाबद्दल बोलत आहेत, असा कुकर यांचा समज झाला असावा. तिसरे, राखीव यंत्रही समोर होते. फ्लाइट इंजिनिअर अल्फ्रेडो फारिया यांनी कॅप्टनच्या यंत्राबद्दल ‘त्यावर जाऊ नका’ असे बजावले, तेव्हा जेमतेम पाच सेकंद उरले होते. विमान १०८ अंशांपर्यंत कलंडले होते.

सुरुवातीला घातपाताची शंका घेतली गेली. वर काढलेल्या अवशेषांत स्फोटाचा वा आगीचा पुरावा सापडला नाही आणि ती मागे पडली. चौकशीचा निष्कर्ष असा: यंत्र बिघडल्यावर विमान कोणत्या स्थितीत आहे याचे भान कॅप्टनना राहिले नाही, त्यांनी विमान चुकीच्या दिशेने झुकवले, आणि उरलेल्या यंत्रांच्या आधारे विमान सावरता आले नाही. प्रवाशांच्या वारसांनी अमेरिकेत बोइंग आणि यंत्रांच्या निर्मात्यांवर खटला भरला. १ नोव्हेंबर १९८५ रोजी न्यायाधीश जेम्स फिट्झगेराल्ड यांनी १३९ पानी निकालात निष्काळजीपणाचे आरोप फेटाळले.

‘वैमानिकाची चूक’ हे दोन शब्द मला या प्रकरणाला अपुरे वाटतात. एका यंत्राने चुकीचे दाखवले, दुसऱ्याने खरे दाखवले तरी त्यावर विश्वास बसला नाही, आणि तिसऱ्याकडे वेळेत कुणाचे लक्ष गेले नाही. टॉवरवरच्या माणसाला दोष द्यावा असा कोणताही आधार चौकशीच्या निष्कर्षात नाही.