ज्येष्ठांचा व्यायाम आणि फिजिओथेरपी (पुणे)

वयस्कांची ताकद, तोल व चाल तपासून त्यांना झेपेल असा व्यायाम ठरवणे, शिकवणे आणि बेताबेताने वाढवत नेणे. कोशांत ‘भौतिकोपचार’, बोलण्यात ‘फिजिओ’.

संस्था : शहरातील पुनर्वसनाच्या जुन्या संस्था लष्करी आहेत : खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट (१९१७) आणि कृत्रिम अवयव केंद्र (१९४४). डॉ. के. एच. संचेती यांच्या अस्थिरोग रुग्णालयाशी संलग्न फिजिओथेरपी महाविद्यालय आहे.

तपासणी : व्यायामाआधीची ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच टाळली जाते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरून पुढचे पाहतात. हात छातीशी घेऊन ३० सेकंदांत किती वेळा उठबस होते, तेही मोजतात. तोल तपासणाऱ्या बर्ग मापनात १४ कृती व ५६ गुण असतात. औषधांची यादी पाहावीच लागते. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी श्रम होऊनही फारशी वाढत नाही. त्यामुळे ठोक्यांवर न विसंबता चालताना सलग बोलता येते का, हे पाहतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी फिरायला निघू नये.

पर्वती : या टेकडीच्या १०३ पायऱ्या रोज चढणे हे अनेक पुणेकर ज्येष्ठांच्या अभिमानाचे. चढताना दम लागतो, पण गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना होते. मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. गुडघे झिजलेल्यांनी पर्वती चढावी का, यावर सरसकट उत्तर नाही.

तोल : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ वर्षांपुढे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, शिवाय किमान तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम हवेत. सारसबागेच्या फेऱ्यांनी मिनिटे भरतात. तोलाचे राहून जाते. त्यासाठी स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे किंवा एका पायावर उभे राहणे पुरते. श्वास रोखायचा नाही.

योग : बी. के. एस. अय्यंगार यांच्या पुण्यातील संस्थेत (१९७५) दोर, खुर्ची व भिंतीचा आधार घेऊन आसने शिकवतात. ही फिजिओथेरपी नव्हे.

पाण्यातील व्यायाम : सांध्यांवरील भार कमी होतो.

नोंदणी : राज्यात फिजिओथेरपिस्टांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र परिषद आहे, केंद्रीय कायदा २०२१ चा. ‘डॉक्टर’ उपाधीचा वाद येथे घेतलेला नाही.