कवी यशवंत आणि काव्यगायन

लेखक गेल्यावर त्याची पुस्तके मागे राहतात. त्याच्या कंठातले मात्र फारच थोडे उरते. कवी यशवंतांच्या बाबतीत ही उणीव आम्हांस विशेष जाणवते. त्यांची कविता महाराष्ट्रातील कित्येकांनी आधी कानांनी ऐकली आणि मग डोळ्यांनी वाचली.

यशवंत दिनकर पेंढरकर यांचा जन्म १८९९ साली सातारा जिल्ह्यातील चाफळ येथे झाला. समर्थांच्या राममंदिराचे हे गाव. पुढे पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ निघाले. माधव जूलियन, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, नाट्यछटाकार दिवाकर, वि. द. घाटे अशा मंडळींत यशवंतही होते. रविवारी जमावे, चहा घ्यावा, एकमेकांच्या कविता ऐकाव्या आणि त्यांवर मोकळेपणी बोलावे, असा या मंडळाचा परिपाठ. चार भिंतींआड चाललेले हे काव्यवाचन मग सभागृहांत आले, आणि यशवंत व गिरीश यांनी त्यास गायनाचे रूप दिले.

हे दोघेही पेशाने गवई नव्हते. त्यांच्या गायनात तानबाजीचा आग्रह नव्हता, की पेटी-तबल्याचा थाट नव्हता. साधी चाल, स्वच्छ उच्चार आणि शब्दांवरचे प्रेम एवढ्याच भांडवलावर ते उभे राहत. परंतु त्यामुळे झाले असे, की ज्याने कवितेचे पुस्तक कधी विकत घेतले नसते, असा कारकून, शिक्षक वा विद्यार्थी चार कडवी मनात घोळवीत घरी जाऊ लागला. 'आई' ही यशवंतांची कविता घरोघर पोहोचली, त्यात शाळेच्या पुस्तकांइतकाच या चालींचाही वाटा आहे.

गाणे या कवितेवर बाहेरून लादले होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. माधवरावांनी 'छंदोरचना' या ग्रंथात जातिवृत्तांचा विचार मात्रांच्या आवर्तनांवरून केला: पाच मात्रांचे हर, सहांचे भृंग, सातांचे अग्नी आणि आठांचे पद्म. आवर्तन हा शब्द गवयाच्याही ओळखीचा. म्हणजे ठेका मुळात रचनेतच होता. कवीने तो कंठातून उघड केला, इतकेच.

आक्षेप आले नाहीत असे नाही. मंडळाच्या काव्याची थट्टा अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये १९२५ सालीच केली होती. गोड गळ्याने सामान्य कविताही खपून जाते, श्रोता सुरावर डोलतो आणि अर्थ निसटतो, ही टीकाकारांची तक्रार तर अधिक गंभीर होती. ती खोटी म्हणता येणार नाही. टाळी चालीला पडली की ओळीला, हे त्या क्षणी कवीलाही कळणे कठीण.

याचे उत्तर यशवंतांच्याच लेखनात शोधावे लागते. 'बंदीशाळा' हे १९३२ सालचे त्यांचे खंडकाव्य घ्या. बालगुन्हेगारांची कहाणी सांगणारे हे काव्य आज एकान्तात, मुक्याने वाचले तरी वाचकाला अस्वस्थ करते. तेथे गळ्याची मदत नाही. करुणा शब्दांतच आहे. उलट, केवळ चालीच्या आधाराने चाललेल्या त्या काळच्या अनेक कविता चालीबरोबरच विसरल्या गेल्या. काळाने ही निवड चोख केली आहे.

१९४० साली बडोदे संस्थानाचे राजकवी, १९५० साली मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, असे मान त्यांना मिळाले. १९८५ साली ते निवर्तले. तोवर भावगीताने ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी अशा वाटांनी काव्यगायनाची जागा बरीचशी घेतली होती. कविता लिहिणारा एक, चाल लावणारा दुसरा, गाणारा तिसरा अशी वाटणी झाली. त्यातून सुंदर गाणी निपजली, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु आपलेच शब्द आपल्याच साध्या गळ्यातून, लाज न बाळगता, लोकांसमोर ठेवणारा कवी मात्र विरळ झाला.

आज उत्तम गाणे बोटाच्या टोकाशी आले आहे. म्हणूनच आपण स्वतः गाण्यास बिचकतो. यशवंतांचे स्मरण करताना आम्हांस एवढेच सुचवावेसे वाटते, की आवडती एखादी कविता घरी मुलांपुढे मोठ्याने म्हणावी. जमेल त्या चालीत म्हणावी. सूर थोडा हलला तरी हरकत नाही. आवडीला पदवी लागत नाही, हे त्यांनीच आपल्याला दाखवून दिले आहे.