घरपट्टी : न मिळालेल्या भाड्यावरचा कर

मार्केट यार्डाच्या भुसार विभागातून बाहेर पडून मुकुंदनगर किंवा बिबवेवाडीच्या दिशेने निघाले की खाली दुकाने आणि वर सदनिका अशा इमारती लागतात. घरपट्टी दोघांनाही येते. पण वरच्या मजल्यावर मालक स्वतः राहत असेल, तर त्याच्या आकारणीत ४० टक्के सवलत असते. खालच्या दुकानदाराला ती नसते, उलट रोजगार हमी कर जोडलेला असतो. हा फरक कोठून आला?

‘घरपट्टी’ हा शब्द महापालिकेहून पुष्कळ जुना आहे. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली दख्खनच्या मुलुखावर जो अहवाल लिहिला, त्यातील मराठी राज्याच्या करांच्या यादीत घरपट्टी आहे. ब्राह्मण आणि गावकामगार वगळून ती इतरांकडून घेतली जाई. सूट होती, पण ती घरात राहणाऱ्याची जात आणि हुद्दा पाहून.

ब्रिटिश अमलात शब्द तोच राहिला, हिशेब बदलला. इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणासाठी स्थानिक मालमत्तेवर पट्टी बसवली होती. १८३६ मध्ये तिच्या मोजमापाचा नियम पक्का झाला : घर भाड्याने दिले असता वर्षाला जे भाडे येईल, ते त्याचे मूल्य. हीच कल्पना मुंबई इलाख्याच्या नगर कायद्यांत आली आणि तेथून १९४९ च्या महापालिका अधिनियमात. १५ फेब्रुवारी १९५० रोजी स्थापन झालेल्या पुणे महापालिकेला ती वारशाने मिळाली. ज्या घरातून मालकाला एक रुपयाही भाडे मिळत नाही, त्याचेही भाडे कागदावर धरायचे, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे आणि उरलेल्या करपात्र मूल्यावर टक्केवारीने कर लावायचा, अशी ही रीत.

ही रीत राहत्या मालकाला जाचक वाटावी, यात नवल नाही. १९७० मध्ये पुणे महापालिकेने ठराव केला : मालक स्वतः राहत असेल तर भाडेमूल्यात ४० टक्के सवलत, आणि देखभालीची वजावट १० ऐवजी १५ टक्के. समजा, घराचे मासिक भाडे १०,००० रुपये धरले. वर्षाचे झाले १,२०,०००. ४० टक्के गेल्यावर ७२,००० आणि १५ टक्के वजा जाता ६१,२०० रुपये करपात्र. सवलत नसती, तर हाच आकडा १,०८,००० झाला असता. पेशवाईतील सूट माणसाच्या जन्माला वा पदाला होती. ही घराच्या वापराला मिळाली. ठराव पुण्याचा होता, कायद्यात मात्र त्याला आधार नव्हता, आणि हीच त्याची दुखरी बाजू ठरली.

तोवर महापालिकेच्या तिजोरीचा मोठा भार जकात उचलत होती. शहराच्या नाक्यांवर अडणारे मालाचे ट्रक पालिकेला पैसा देत, म्हणून घरमालकाला सवलत देणे परवडे. (मार्केट यार्डातील बाजार शुल्क निराळे, ते कृषी उत्पन्न बाजार समितीचे.) १ एप्रिल २०१३ पासून पुण्यात जकात गेली व स्थानिक संस्था कर आला, तोही पुढे गेला, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला. महापालिकेने स्वतः वसूल करायच्या करांत मालमत्ता कराचे वजन वाढले. लेखापरीक्षणाने १९७० च्या सवलतीवर आक्षेप घेतलाच होता. राज्य शासनाने ठराव रद्द केला, आणि २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना पूर्ण दराची देयके जाऊ लागली. एकाच गल्लीत जुन्या घराला सवलत आणि नव्याला नाही, असा प्रकार झाला. शहरभर विरोध झाल्यावर एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ४० टक्के सवलत कायम केली. देखभालीची वजावट मात्र कायद्याप्रमाणे १० टक्क्यांवरच आणली.

दुकानदाराच्या देयकातील रोजगार हमी कर महापालिकेचा नाहीच. ती तो राज्यासाठी गोळा करते. १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेल्या आणि वि. स. पागे यांच्या नावाशी जोडलेल्या रोजगार हमी योजनेसाठी बिगरनिवासी इमारतींवर तो बसला. ज्या जिल्ह्यांतून यार्डात धान्य येते, त्याच जिल्ह्यांतील मजुरांच्या हाताला काम देण्यासाठी शहरातील दुकानांकडून घेतलेली ही पट्टी.

वरच्या मजल्यावरील मालकाला मात्र, सवलत सुटली असल्यास, ‘पीटी-३’ हा अर्ज भरावा लागला. आपल्याच घरात आपणच राहतो, हे सिद्ध करण्यासाठी सोसायटीचे पत्र आणि मतदार ओळखपत्र किंवा शिधापत्रिकेसारखा पुरावा जोडून.