गलगंड, मीठ आणि ‘मठ्ठ’ हा शब्द

सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आढळते. गळ्यावरची गाठ आपल्या पूर्वजांनी पाहिली होती. परंतु तिच्याआड खुंटलेले मूलही असू शकते.

गळ्यातील अवटू ग्रंथीला संप्रेरक निर्माण करण्यासाठी आयोडीन लागते. ते न मिळाल्यास ग्रंथी फुगते. गर्भावस्थेत व बालपणी ही उणीव तीव्र असेल तर उंची खुंटते, बुद्धी मंदावते. काही मुले मूकबधिरही होतात.

१९५६ साली आपली भालकी हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आली. त्याच वर्षी डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात एक अभ्यास आरंभिला. खोऱ्याच्या तीन भागांपैकी दोहोंना आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्याला साधे. पहिल्या दोन भागांत गलगंड लक्षणीय घटला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९८३ मध्ये सर्वच खाद्य मीठ आयोडीनयुक्त करण्याचे ठरले. साध्या मिठाच्या विक्रीवरील केंद्रीय बंदी २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा आली.

एके काळी दख्खनच्या पठारावर लमाणांच्या बैलांवरून मीठ येई. मीठ म्हणा की उप्पू, ते दोन्ही भाषांच्या घरांत पोचले. आता प्रश्न आपल्या भाषेचा आहे. वर्गात वाढ खुंटलेले, सुस्त मूल दिसले की आपण ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतो. त्या शब्दाआधी रक्ताची एक साधी तपासणी व्हावी, हीच या स्मृतीला खरी आदरांजली ठरेल.